कोक : जळण नव्हे, रसायन

लाकडे रचून, वर माती लिंपून, हवा लागू न देता ती धुमसू दिली म्हणजे लोणारी कोळसा तयार होतो. हाच संस्कार दगडी कोळशावर केला असता जे उरते, त्यास कोक म्हणतात. बंद भट्टीत सुमारे १००० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविलेल्या कोळशातून जळाऊ वायू, डांबर व अमोनिया निघून जातात आणि करडा, सच्छिद्र व टणक कोक मागे राहतो. तो बहुतांशी शुद्ध कर्बच होय.

परंतु कोकची खरी योग्यता जळण्यापेक्षा हरण करण्यात आहे. खनिजात लोखंड प्राणवायूशी जखडलेले असते. ती मिठी सोडविण्यास नुसती उष्णता पुरत नाही. झोतभट्टीत कोक जळून कार्बन मोनॉक्साइड हा वायू होतो. तो खनिजातील प्राणवायू ओढून घेतो व स्वतः कार्बन डायॉक्साइड बनतो. या क्रियेस शास्त्रात क्षपण अशी संज्ञा आहे. शिवाय वरील खनिजाचा भार सोसूनही कोकचा चुरा होत नाही, म्हणून भट्टीत वाऱ्यास वाट राहते. साधा दगडी कोळसा तेथे निरुपयोगी ठरतो. त्यातील गंधकाने लोखंड ठिसूळ होते.

इंग्लंडात कोलब्रुकडेल येथे अब्राहम डार्बी याने १७०९ साली कोकवर लोखंड गाळून दाखविले. लोणारी कोळशापायी तुटणाऱ्या अरण्यांस त्यामुळे पुढे पर्याय लाभला.

चुनकळी व कोक विजेच्या भट्टीत सुमारे २००० अंशांवर तापविल्यास कॅल्शियम कार्बाइड मिळते. त्यावर पाणी पडताच ॲसिटिलीन वायू सुटतो; त्याच्या ज्योतीने लोखंड कापतात व सांधतात. काही व्यापारी आंबे झटपट पिकविण्यासाठी हेच कार्बाइड पेटीत ठेवतात. त्यात आर्सेनिक व फॉस्फरस यांचा अंश असू शकतो, म्हणून कायद्याने त्यास मनाई आहे. गृहिणींनी अढीत पिकलेलाच आंबा पसंत करावा, हे उत्तम.

जर्मनीत ओप्पाऊ येथे १९१३ साली हवेतील नत्रवायूपासून अमोनिया करण्याचा कारखाना सुरू झाला. पुढे खतांचे युग आले, ते याच विद्येमुळे. त्या कारखान्यास लागणारा उज्जवायू, म्हणजे हायड्रोजन, तापून लाल झालेल्या कोकवर वाफ सोडून मिळवीत.

या उपकारांचे मोल मात्र जबर आहे. झोतभट्टीच्या मार्गाने एक टन पोलाद करताना सुमारे दोन टन कार्बन डायॉक्साइड वातावरणात जातो. झारखंडातील झरिया येथे कोकयोग्य उत्तम कोळसा आहे. पण तेथील भूगर्भात १९१६ साली आढळलेली आग अद्याप शमलेली नाही, आणि जमीन खचल्याने अनेक कुटुंबांस घरे सोडावी लागली आहेत. पोलादासाठी लागणारा असा कोळसा आपण बव्हंशी परदेशातून आणतो.

स्वीडनमध्ये २०२१ साली कोकऐवजी उज्जवायूने क्षपण करून पोलाद तयार करण्यात आले. तेथे प्राणवायूचे हरण होऊन मागे उरते ते पाणी. ही रीत अद्याप महाग आहे व तिचा प्रसारही अल्प आहे. तरी ज्या उज्जवायूस कोकने एके काळी जन्म दिला, तोच आज कोकचा भार उचलू पाहत आहे. विळी, तवा वा रुळावरून धावणारी गाडी पाहताना हा हिशेब सुशिक्षित कुटुंबांनी ध्यानी ठेवावा.