चिखलाचे टायर आणि रोजची गाडी

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या दारांत आतां जीप, बोलेरो किंवा थार यांपैकीं एखादी गाडी उभी असते. सकाळीं ती मळ्याकडे जाते, दुपारीं बाजारांत माल पोंचविते व सायंकाळीं घरच्या मंडळींस घेऊन तालुक्याच्या गांवीं जाते. मृग जवळ आला, कीं अशा गाडीस 'मड-टेरेन', म्हणजे खास चिखलाचे टायर बसवावे कीं काय, असा प्रश्न शेतकरी बंधु आम्हांस विचारतात. खर्च मोठा असल्यामुळें याचा विचार नीट करणें अगत्याचें आहे.

या टायरवर रबराचे जाड ठोकळे असून त्यांच्यामध्यें रुंद चर असतात. ठोकळे चिखलांत रुततात व चरांत भरलेली माती चाकाच्या वेगानें बाहेर फेंकली जाते. काळ्या जमिनीची माती अति बारीक कणांची असून ओली झाली म्हणजे फुगते व चिकटते. साध्या टायरच्या अरुंद खांचांत ती एकदां बसली, कीं निघत नाहीं. टायर गुळगुळीत होतो व चाक जागच्या जागीं फिरूं लागतें. येथें चिखलाचा टायर खरोखर उपयोगी पडतो, हें निर्विवाद आहे.

परंतु हेच रुंद चर डांबरी रस्त्यावर उणीव ठरतात. रस्त्यास टेंकणारें रबर कमी असल्यामुळें ओल्या डांबरावर गाडी थांबावयास अधिक अंतर लागतें. शिवाय आवाज वाढतो, इंधन अधिक जळतें व ठोकळे लवकर झिजतात. आम्हीं स्वतः एक वर्ष हे टायर वापरले. चिखलांत त्यांनीं दगा दिला नाहीं. मात्र श्रावणांतल्या एका रिमझिमींत डांबरी वळणावर वासरूं आडवें आलें. ब्रेक दाबला असतां गाडी नेहमींपेक्षां बरीच पुढें घसरत जाऊन कडेच्या चरांत उतरली. वासरूं वांचलें, आम्हीही वांचलों. पण गाडींत त्या दिवशीं मुलें बसलेलीं होतीं, ही गोष्ट आम्ही विसरलों नाहीं.

सबब दुकानांत जाण्यापूर्वीं वर्षाचे दिवस मोजावे. घरापासून सडकेपर्यंतची पाणंदच पावसाळाभर चिखलाची असेल व दुसरी वाट नसेल, तर चिखलाचे टायर घेणें योग्य. गाडी बहुतेक दिवस डांबरावर चालत असेल, तर मध्यम खांचांचे 'ऑल-टेरेन' टायर बरे. ऐपत असल्यास चार चाकांचा जादा जोड ठेवावा. तो मृगापूर्वीं चढवावा व दिवाळीनंतर उतरवावा. वाटेकरी पुष्कळ असतील तेथें सर्वांनीं मिळून पाणंदीवर मुरूम टाकावा व बाजूस पाण्याचे चर काढावे. त्याचा लाभ सर्वांच्याच गाड्यांस होतो.

एक इशारा विशेष आहे. टायर चांगला म्हणून ओल्या वावरांत गाडी घालूं नये. जड गाडीच्या भारानें मातींतील पोकळ्या बुजतात, पाणी मुरत नाहीं, मुळ्यांस हवा मिळत नाहीं व चाकोरी सुकल्यावर ढेकळें पडतात. वाफसा येईपर्यंत गाडी बांधावरच थांबवावी.

खरेदीच्या वेळीं माप पाहावें. बोलेरोस 215/75 आर 15 हें माप येतें. म्हणजे रुंदी 215 मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या शेंकडा 75 व रिम 15 इंची. हौसेनें 235/75 घातल्यास चाकाचा व्यास सुमारें 703 वरून 733 मिलिमीटर होतो. मग वेगमापक 60 दाखवील तेव्हां गाडी 62 हून अधिक वेगानें धांवत असते, इंजिनाची ओढ कमी पडते व वळतांना टायर घांसण्याचा संभव असतो. मापापुढील अंक भार दाखवितो. 100 म्हणजे एका टायरवर 800 किलो. बाजूस चार आंकडे असतात. 2324 म्हणजे 2024 सालचा 23 वा आठवडा. फार जुना माल घेऊं नये.

हवेचा दाब गाडीच्या पुस्तकाप्रमाणें ठेवावा. गाडी रुतल्यास दाब सुमारें एक चतुर्थांश कमी करावा. टायर पसरून पकड वाढते. मात्र सडकेवर येतांच हवा पुन्हां भरावी. कमी हवेवर वेगानें गेल्यास टायर तापून फुटतो. याकरितां लहान पंप गाडींत असूं द्यावा. ठोकळ्यांची उंची 1.6 मिलिमीटरवर आली, कीं टायर कायद्यानेंही बाद होतो. चिखलांत तर तो त्याच्या पुष्कळ आधींच निकामी ठरतो.

बैल घेतांना आपण नुसतीं शिंगें पाहत नाहीं. चाल, खूर व दांत पाहतों. टायरचीही परीक्षा तशीच, आपल्या वाटेवरून व आपल्या कामावरून करावी, एवढीच आमची सूचना आहे.