सोन्याचा भाव ठरतो कुठे?

पेपर हातात आला की पहिल्या पानावरच्या मोठ्या मथळ्यांवरून आपली नजर भराभर पुढे सरकते. रिझर्व्ह बँकेचं धोरण, अमेरिकेतले व्याजदर, कुठल्याशा देशावर घातलेले निर्बंध, हे सगळं घरातल्या पुरुषांनी वाचायचं आणि चहा पिता पिता त्यावर वाद घालायचा, अशी आपली समजूत. आपण थांबतो त्या आतल्या पानावरच्या लहानशा चौकटीपाशी. सोने, शुद्ध, दहा ग्रॅम. गंमत अशी, की ते मथळे आणि ही चौकट या दोन वेगळ्या बातम्या नव्हेतच. ज्या बाईच्या कपाटात चार पाटल्या आहेत, तिला जगाच्या राजकारणाशी काय करायचंय, असं निदान कुणी म्हणू नये.

भाव चढला की आपण सराफाला नावं ठेवतो, नाहीतर 'लग्नसराई आली' म्हणून सोडून देतो. लग्नसराईचा थोडाफार परिणाम होतो, नाही असं नाही. पण पोह्यांवरच्या कोथिंबिरीइतकाच. मूळ भाव ठरतो परदेशात. कारण आपल्या देशात सोनं जवळजवळ निघतच नाही. कोलारच्या प्रसिद्ध खाणी २००१ साली बंद झाल्या. कर्नाटकातच हट्टी इथे थोडं निघतं, ते आपल्या हौसेच्या मानाने चिमूटभर. बाकीचं बाहेरून आणायचं, आणि तेही डॉलर मोजून.

एकदा हिशेबच मांडून पाहू. वाणसामानाच्या यादीपेक्षा अवघड नाही. मार्च २०२५ मध्ये जगाच्या बाजारात सोन्याने औंसाला ३,००० डॉलरचा टप्पा गाठला. औंस म्हणजे सुमारे ३१.१ ग्रॅम. तेव्हा दहा ग्रॅमला पडले साधारण ९६५ डॉलर. त्या वेळी डॉलर होता ८७ रुपयांच्या आसपास, म्हणजे झाले ८४ हजार. त्यावर तेव्हाचं ६ टक्के आयात शुल्क धरलं की ८९ हजार. दुकानात बिल करताना ३ टक्के जीएसटी, की ९१ हजार सातशेच्या घरात. यात घडणावळ अजून आलेलीच नाही! ती वेगळी, आणि तिच्याविषयी पुढे बोलूच.

आता या बेरजेकडे नीट पाहा. जगातला भाव तसाच राहिला आणि नुसता रुपया घसरला, तरी आपलं सोनं महागतं. रुपया सावरला पण सरकारने शुल्क वाढवलं, तरी महागतंच. एप्रिल २०१३ मध्ये जगभर सोनं धाडकन कोसळलं होतं. आपल्याकडे बायका खूष झाल्या, दुकानांतून गर्दी झाली. पण ऑगस्टपर्यंत डॉलर ६८ रुपयांपर्यंत गेला, सरकारने आयात शुल्क १० टक्क्यांवर नेलं, आणि ती स्वस्ताई आपल्या दारी येता येताच विरून गेली. उलटही घडतं. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात हेच शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आणलं, आणि एका दिवसात दहा ग्रॅममागे काही हजार रुपये उतरले. सराफाने त्या दिवशी काही दानधर्म केला नव्हता.

सरकारला आपल्या सोन्याचा एवढा राग का, असं कुणालाही वाटेल. कारण घरातल्यासारखंच आहे. परदेशी चलनाची पिशवी एकच. खनिज तेलही त्यातूनच आणायचं, यंत्रं, औषधांचा कच्चा माल आणि सोनंही त्यातूनच. तेल आणलं नाही तर गाड्या थांबतात. सोनं आणलं नाही तर कुणाचं काही अडत नाही, असा सरकारी विचार. (लग्नघरातल्या आईला विचारून पाहा, अडतं की नाही ते!) चीनशी युद्ध झाल्यावर १९६३ च्या जानेवारीत मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. नवे दागिने १४ कॅरटपेक्षा शुद्ध करायचे नाहीत, असा नियम. बायकांनी सोन्याचा नाद काही सोडला नाही. गावोगावच्या सोनारांच्या शेगड्या मात्र विझल्या, आणि चोरट्या आयातीचा धंदा फोफावला. पुढे १९६८ साली त्याचा कायदाच झाला, तो रद्द झाला १९९० मध्ये. माणसाला भीती असते म्हणून तो सोनं घेतो. कायदा करून भीती जात नाही, एवढं दिल्लीला कळायला सत्तावीस वर्षं लागली.

आणि त्यानंतर वर्षभरातच काय झालं? १९९१ साली देशाजवळचे डॉलर इतके आटले, की दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतेच उरले. तेव्हा रिझर्व्ह बँकेने ४७ टन सोनं विमानाने परदेशी पाठवून गहाण ठेवलं आणि कर्ज उचललं. त्याआधी २० टन विकूनही झालं होतं. अडचण आली की बांगड्या काढून द्यायच्या, हे जे आपल्या आज्या-पणज्या करत आल्या, तेच देशाने केलं. ज्या सोन्याला 'मेलेला पैसा' म्हणून हिणवलं, त्यानेच वेळ निभावली. गहाण सोडवलं, आणि २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून २०० टन सोनं विकतही घेतलं.

हल्लीच्या महागाईचं मूळही अशाच भीतीत आहे. २०२२ साली रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर पाश्चात्त्य देशांनी रशियाची परदेशात ठेवलेली सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली. दुसऱ्याच्या बँकेत ठेवलेला पैसा एका रात्रीत हाताबाहेर जाऊ शकतो, हे इतर देशांनी पाहिलं. तेव्हापासून निरनिराळ्या देशांच्या मध्यवर्ती बँका सोन्यामागे लागल्या. २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षी त्यांनी मिळून हजार टनांहून जास्त सोनं घेतलं. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही इंग्लंडमध्ये ठेवलेलं १०० टन सोनं २०२४ मध्ये मायदेशी आणलं. 'आपली चीजवस्तू आपल्या कपाटात बरी' असं म्हणणाऱ्या आजीचं अर्थशास्त्र इतकं काही अडाणी नव्हतं म्हणायचं. असे गिऱ्हाईक बाजारात उतरल्यावर आपल्या तोळाभराला कोण विचारतो? एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखावर गेला तो असा.

मग सोनं सदा चढतंच का? मुळीच नाही, आणि हे सराफाच्या जाहिरातीत कधी लिहिलेलं नसतं. १९८० च्या जानेवारीत औंसाला ८५० डॉलर झालेलं सोनं नंतर असं उतरलं, की तो आकडा पुन्हा दिसायला २००८ उजाडलं. २०११ मध्ये १,९०० च्या घरात पोचलं, २०१५ च्या अखेरीस १,०५० च्या आसपास आलं. सोनं व्याज देत नाही. म्हणून अमेरिकेत व्याजाचे दर चढले, की पुष्कळदा श्रीमंतांचा पैसा सोन्यातून निघून तिकडे धावतो. दर उतरले की परत येतो. रुपया घसरत गेल्यामुळे आपल्याला ही घसरण तेवढी जाणवली नाही, इतकंच. तेव्हा मुलीच्या लग्नाला आठ वर्षं आहेत म्हणून आज कर्ज काढून सोनं घ्यायला निघालेल्या बाईने हे आकडे एकदा डोळ्यांखालून घालावेत. दर महिन्याला झेपेल तेवढं साठवून घेत जाणं निराळं, आणि भाव पळतोय म्हणून घाबरून घेणं निराळं.

दागिना आणि साठवण यांतही गल्लत नको. घडणावळ शंभराला दहा-वीस रुपये, नक्षीकाम असेल तर त्याहून जास्त. मोडायला गेलं की ती सगळी पाण्यात, शिवाय घट कापतात ती वेगळी. हौसेसाठी घ्यायचा तर हौसेने घ्यावा, पण मग त्याला गुंतवणूक म्हणू नये. १ एप्रिल २०२३ पासून दुकानातल्या नव्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची हॉलमार्कची खूण सक्तीची झाली, ती भिंग मागून स्वतः पाहावी. २२ कॅरटला ९१६ असा आकडा असतो. मोबाइलवर पाच-दहा रुपयांचं 'डिजिटल सोनं' मिळतं, त्याच्यावर आपली देखरेख नाही असा इशारा सेबीने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला आहे.

एका गोष्टीबद्दल मात्र सहसा कुणी बोलत नाही. भाव चढला की घरातल्या मंडळींना एकदम आपल्या दागिन्यांची आठवण येते. पूर्वी ज्या पाटल्यांवर लाखभर कर्ज मिळे, त्यांवर आता दोन लाख मिळतात, तासाभरात मिळतात, आणि दुकानात माल भरायला, गाडी घ्यायला नाहीतर दिरांच्या धंद्याला ते हवेच असतात. आपण 'घ्या' म्हणतो. नाही म्हणायची चोरी! पण ज्या भावावर हे कर्ज उभं आहे तो डॉलरच्या आणि दूरच्या लढायांच्या हवाल्यावर आहे, हे एव्हाना आपण पाहिलं. भाव उतरला की बँक आणखी तारण मागते किंवा पैसे भरा म्हणते, आणि हप्ते थकले तर लिलाव होतो तो आपल्या पाटल्यांचा.

स्त्रीधन ही पूर्णपणे पत्नीचीच मालमत्ता, नवऱ्याचा त्यावर हक्क नाही. अडचणीत त्याने ते वापरलं तरी परत करण्याची जबाबदारी त्याचीच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट सांगितलं आहे. तेव्हा गहाण ठेवायचेच झाले, तर कर्ज स्वतःच्या नावावर काढावं. वजन आपल्यासमोर करून घ्यावं, व्याजाचा दर आणि सोडवायची तारीख लिहून घ्यावी, दागिन्यांचा एक फोटो काढून ठेवावा आणि ती पावती यांच्या पाकिटात न जाता आपल्या कपाटात राहील असं बघावं.