वजनं उचलू द्यावीत का?

मुलगा तेरा-चौदा वर्षांचा झाला, आरशासमोर दंड फुगवून पाहू लागला, की जिमचा हट्ट सुरू होतो. आजी हमखास बजावते, ‘वजनं उचललीस तर उंची खुंटेल!’ या भीतीत फारसं तथ्य नाही. या वयात हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते आणि तिला इजा होऊ शकते, हे खरं. पण बहुधा चुकीच्या पद्धतीनं, न झेपणारं वजन उचलल्यानं. देखरेखीखालच्या बेताच्या व्यायामानं वाढ खुंटत नाही, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते.

मिझोरामच्या जेरेमी लालरिननुंगानं २०१८ मध्ये युवा ऑलिंपिकचं सुवर्णपदक पटकावलं, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. पण त्याच्यामागे प्रशिक्षक होते. गल्लीतल्या जिममध्ये भेटतो तो ‘अजून एक प्लेट लाव’ म्हणणारा दादा. खरी काळजी त्याची!

आधी जोर-बैठका नीट जमू द्याव्यात. मग दहा-पंधरा वेळा सहज उचलता येईल एवढंच वजन, आठवड्यातून दोन-तीनदा. चढाओढ वाढ पुरी होईपर्यंत नको. दंड लगेच फुगणार नाहीत, हेही सांगून ठेवावं. वयात येण्यापूर्वी ताकद वाढते ती मुख्यतः मज्जातंतू आणि स्नायूंचा मेळ बसल्यानं.

आणि हो, मुलीनं विचारलं तर तिलाही हेच उत्तर.