शेवाळाची भट्टी

कोंबू या समुद्रशेवाळाची वाळलेली पट्टी हातात घेतली, की तिच्यावर पिठासारखी पांढरी भुकटी दिसते. जपानी गृहिणी ती पुसून टाकत नाही, कारण चव तिच्यातच असते. या भुकटीत बराचसा मॅनिटॉल असतो, म्हणजे साखरेचाच एक भाऊबंद. पट्टी पाण्यात भिजली की बुळबुळीत होते, ते अल्जिनेटमुळे. दातांचं माप घेताना दंतवैद्य तोंडात जो गार लगदा दाबून धरतात, तोही अल्जिनेटचाच.

अशा तपकिरी समुद्रशेवाळाच्या सुक्या वजनात सुमारे 60 टक्के शर्करा असते, आणि ते वाढायला ना शेतजमीन लागते, ना गोडं पाणी. तरी त्यातून इथेनॉल काढणं परवडत नव्हतं. शर्करेचा मोठा वाटा अल्जिनेटमध्ये अडकलेला, आणि दारू गाळणारं नेहमीचं यीस्ट अल्जिनेटकडे ढुंकूनही बघत नाही.

कॅलिफोर्नियात बर्कलीच्या बायो आर्किटेक्चर लॅबमध्ये यासुओ योशिकुनी, अ‍ॅडम वार्गाकी आणि त्यांचे सहकारी याच गाठीशी झगडत होते. ती सुटली समुद्रातल्याच एका जिवाणूमुळे. व्हिब्रिओ स्प्लेंडिडस हा कॉलऱ्याच्या जिवाणूचा गोत्रज. त्याच्या डीएनएमध्ये 36 हजार बेस-जोड्यांचा एक तुकडा सापडला. अल्जिनेटचे कण पेशीत ओढून घ्यायचे आणि पचवायचे, याची बहुतेक सगळी सामग्री त्यात शेजारीशेजारी होती! तो तुकडा ई. कोलाय या जिवाणूमध्ये बसवला. पण अल्जिनेटची लांब साखळी पेशीत शिरेना. मग ती बाहेरच तोडणारं विकर सोडायला ई. कोलायला शिकवलं. इथेनॉल बनवणारी जनुकं घेतली झायमोमोनासकडून. मेक्सिकोतली पुल्के नावाची घायपाताची ताडी आंबवणारा हाच तो जिवाणू.

मला यातली खरी गंमत इलेक्ट्रॉनच्या हिशेबात वाटते. प्राणवायूविना आंबवायचं, तर हा हिशेब पेशीतल्या पेशीतच जुळावा लागतो. अल्जिनेटपासून इथेनॉल बनवताना इलेक्ट्रॉन कमी पडतात, मॅनिटॉलपासून बनवताना उरतात. एकाची उधारी दुसऱ्याच्या शिलकीतून फिटते, आणि दोन्ही एकाच शेवाळात!

जानेवारी 2012 मध्ये ‘सायन्स’मध्ये निकाल आला: एक किलो सुक्या शेवाळामागे 281 ग्रॅम इथेनॉल, सैद्धांतिक कमाल उताऱ्याच्या सुमारे 80 टक्के. शेवाळावर आधी आम्ल किंवा उष्णतेची प्रक्रियाही करावी लागली नव्हती.

तरी कारखान्यांना सवय यीस्टची. त्याच्याकडे मॅनिटॉल पचवणारी जनुकं होती, पण निजलेली. ती जागी केली. अल्जिनेटचे कण आत आणणारा वाहक अ‍ॅस्टेरोमायसिस क्रुसिएटस या सागरी बुरशीत मिळाला. 2014 मध्ये ‘नेचर’मध्ये हे यीस्टही जाहीर झालं.

पंपावर मात्र हे इंधन आलं नाही. ई. कोलायच्या हौदात इथेनॉल 4.7 टक्के, यीस्टच्या 4.6. मक्याच्या हौदात ते दहाच्या वर सहज जातं. इतक्या पातळ द्रवातून इथेनॉल वेगळं काढायला उष्णता फार खर्च होते, आणि चांगल्या कोंबूला जपानी स्वयंपाकघरात इंधनापेक्षा कितीतरी जास्त भाव मिळतो.