जीवदयेला जयणेची जोड

जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले. भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने निदान केले, ते एच५एन१ विषाणूचे, म्हणजेच बर्ड फ्लूचे. त्याच महिन्यात नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यातील किवळा येथे कोंबड्यांमध्ये हा रोग आढळला, तर राजस्थानात जैसलमेरकडे स्थलांतर करून आलेले कुरजा पक्षी त्याला बळी पडले.

जैसलमेरची बातमी अधिक चिंतेची होती. याच जिल्ह्यात सम व रामदेवरा येथे माळढोक पक्ष्याची प्रजनन केंद्रे आहेत. एकेकाळी आपल्या सोलापूरजवळील नान्नजच्या माळरानावर सहज दिसणारा हा पक्षी आता देशात दीडशेच्या आसपासच उरला आहे. माळावरची अंडी आणून, ती यंत्रात उबवून येथे पिल्ले वाढविली जातात. अशा ठिकाणी रोग शिरला तर वर्षांची कमाई काही दिवसांत बुडेल. अमेरिकेत २०२३ मध्ये मुक्त सोडलेल्या कॅलिफोर्निया काँडोर गिधाडांपैकी २१ पक्षी याच विषाणूने दगावले. त्यानंतर तेथे पिंजऱ्यातील काँडोरांवर लसीची चाचणी घेण्यात आली.

बँकेत सर्व ठेवी एकाच व्यवसायात गुंतवीत नाहीत. दुर्मीळ पक्षीही एकापेक्षा अधिक केंद्रांत ठेवणे हीच जोखमीची विभागणी होय. त्याखेरीज पिंजऱ्यात जाताना पादत्राणे निर्जंतुक करणे, वेगळे कपडे वापरणे आणि रानपक्ष्यांची विष्ठा दाण्यापाण्यात पडू न देणे ही दक्षता लागते. कारण हा विषाणू पक्ष्यांच्या लाळेतून, नाकातील स्रावातून व विष्ठेतून पसरतो.

हेच सूत्र आपल्या गच्चीवरील पाणवठ्यालाही लागू आहे. उन्हाळ्यात लातूर-नांदेडच्या बाजारपेठांत आपली कुटुंबे श्रद्धेने परळ मांडतात, धान्य टाकतात. मात्र आपण स्वतः गाळलेले पाणी पितो आणि पक्ष्यांच्या परळात चार दिवसांचे शिळे पाणी राहू देतो. एकाच जागी शेकडो पक्ष्यांची गर्दी झाली, की एका आजारी पक्ष्यापासून अनेकांना बाधा होऊ शकते. आणि रोग कोंबड्यांत पोहोचला, तर नियमानुसार बाधित ठिकाणाच्या एक किलोमीटर परिघातील निरोगी कोंबड्याही मारल्या जातात. ती हिंसा टाळण्याचा थोडा भार आपल्यावरही आहे.

म्हणून परळ रोज घासावे, पाणी रोज बदलावे. धान्य थोडे व निरनिराळ्या ठिकाणी टाकावे. खालचा कचरा तोंडाला कापड बांधून व पाणी शिंपडून झाडावा. मृत पक्षी उघड्या हाताने उचलू नये. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. आपल्या परिसरात रोगाचे निदान झाल्यास दाणे टाकणे काही काळ थांबविणे हेही जीवदयेचेच पालन आहे.

आपल्या शास्त्रांनी दयेसोबत जयणा, म्हणजे सावधपणे वागणे, सांगितली आहे. पक्ष्यांच्या बाबतीत ती दाणे टाकण्याआधी पाळावयाची आहे.