शिकविणाऱ्या परिचारिकेचा गौरव

12 मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस जागतिक परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी रुग्णालयांतून दिवे उजळतात, शपथ घेतली जाते, निवडक परिचारिकांना शाल आणि श्रीफळ दिले जाते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी नेहमीप्रमाणे सुरू होते. केंद्र सरकारनेही 1973 पासून नाइटिंगेल यांच्या नावाने राष्ट्रीय पुरस्कार देण्यास आरंभ केला. या सन्मानांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु या सगळ्या सोहळ्यात एक व्यक्ती बहुधा मागच्या रांगेतच उभी असते. ती म्हणजे या परिचारिकांना घडविणारी शिक्षिका. सरकारी भाषेत तिला ‘पाठ्यनिर्देशिका’ म्हणतात. विद्यार्थिनींच्या तोंडी ती नुसती ‘ट्यूटर’ असते.

ही उपेक्षा आजची नव्हे. 1860 मध्ये लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात नाइटिंगेल यांच्या नावाची प्रशिक्षण शाळा निघाली. साऱ्या जगाला नाइटिंगेल ठाऊक आहेत. पण त्या शाळेत मुलींना प्रत्यक्ष वळण लावण्याचे काम तेथील मेट्रन सारा वॉर्डरोपर यांनी सुमारे सत्तावीस वर्षे केले, हे किती जणांना ठाऊक असेल? कल्पना मांडणाऱ्याचे नाव उरते आणि ती रोज वॉर्डात राबविणाऱ्याचे पुसले जाते, हा शिक्षणक्षेत्रातला जुनाच अनुभव आहे. शिक्षक वाचकांना तो वेगळा सांगावयास नको.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर या विषयाचा आरंभ पुण्यातच शोधावा लागतो. न्यायमूर्ती रानडे यांच्या निधनानंतर रमाबाई रानडे यांनी 1909 मध्ये पुण्यात सेवासदनाची धुरा घेतली. देवधरांसारखा संघटक त्यांच्या पाठीशी होता. दोनएक वर्षांतच सेवासदनाच्या स्त्रिया परिचर्येच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात जाऊ लागल्या. आज ही गोष्ट साधी वाटते. त्या काळी ती अघटित होती. परक्याच्या मलमूत्राला हात लावणे, परपुरुषाची शुश्रूषा करणे, रात्री घराबाहेर राहणे, यांपैकी एकेक गोष्टदेखील घरंदाज म्हणविणाऱ्या कुटुंबाला सोसणारी नव्हती. शिवाय शिकावयास आलेल्यांत बालविधवा बऱ्याच होत्या. केशवपन झालेली एक विद्यार्थिनी बक्षीस घेण्यासाठी व्यासपीठावर आली तेव्हा सभागृहातल्या महाविद्यालयीन तरुणांनी तिची टिंगल केली, आणि रमाबाईंनी भरसभेत त्या तरुणांची कानउघाडणी केली, अशी हकिकत त्यांच्या चरित्रात येते. तुमच्याच घरात अशी बहीण, आत्या किंवा आई नसेल कशावरून, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता.

रमाबाई स्वतः परिचारिका नव्हत्या. इंजेक्शन कसे द्यावे, हे त्यांनी कोणाला शिकविले नाही. परंतु विद्यार्थिनीच्या पाठीशी कसे उभे राहावे, हा धडा त्यांनी घालून दिला, आणि परिचर्येच्या शिक्षणात तो धडा औषधांच्या मात्रांइतकाच महत्त्वाचा आहे. पहिल्या मृत्यूनंतर वॉर्डाच्या कोपऱ्यात रडणारी अठरा वर्षांची मुलगी दुसऱ्या दिवशी कामावर परत येते की नाही, हे पुष्कळदा एका वडीलधाऱ्या शिक्षिकेच्या दोन शब्दांवर ठरते. डॉक्टरांनी लिहिलेली मात्रा चुकीची वाटली तर तसे आदराने पण ठामपणे विचारावयाचे, ही हिंमतही पुस्तकातून येत नाही. कोणीतरी ती करून दाखवावी लागते.

शिकविण्याची ही साखळी किती चिवट असू शकते याचे उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयाने दाखविले. 1973 च्या नोव्हेंबरात अमानुष हल्ल्याला बळी पडलेल्या अरुणा शानभाग या परिचारिकेची तेथील सहकाऱ्यांनी 2015 मध्ये तिचे निधन होईपर्यंत, म्हणजे बेचाळीस वर्षे, शुश्रूषा केली. इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला शय्याव्रण होऊ न देणे हे केवळ दयाबुद्धीचे काम नव्हे. त्या काळात परिचारिकांच्या किमान दोन पिढ्या बदलल्या असतील. कुशीवर कधी वळवावयाचे, घास कसा भरवावयाचे तंत्र आहे, हे जाणाऱ्या पिढीने येणाऱ्या पिढीच्या हातात ठेवले म्हणूनच ते साधले. सर्वोच्च न्यायालयानेही 2011 च्या निकालात या सेवेची प्रशंसा केली. मात्र त्यात शिकविण्याचा जो भाग होता त्याची नोंद कोणत्याही सेवापुस्तकात झाली नसेल.

हा विषय आजच काढण्याचे कारण आपल्या दाराशी आहे. नाशिक रस्त्यावरचे मोशी हे इंद्रायणीकाठचे शेतकरी गाव होते. आज भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांमध्ये ते इमारतींनी भरून गेले आहे. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयावरचा ताण पाहून महापालिकेने मोशीत मोठे रुग्णालय योजले आहे. खाटा किती, मजले किती, खर्च किती, याची चर्चा होते. तेथील परिचारिकांना कोण शिकविणार, हा प्रश्न मात्र कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. 2020 मध्ये नेहरूनगरच्या मैदानावर करोनाचे जंबो रुग्णालय उभे राहिले तेव्हा खाटा पटकन आल्या. त्यांच्याजवळ उभी राहणारी शिकलेली माणसे मिळविणे हेच कठीण असते, हे त्या दिवसांत सर्वांनी पाहिले.

भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक दहा विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक असा आहे. परंतु संख्या भरली तरी एक दरी उरतेच. महाविद्यालयातील शिक्षिकेला वॉर्डात अधिकार नसतो आणि वॉर्डातील परिसेविकेवर शिकविण्याची जबाबदारी नसते. असली तरी तीस-चाळीस रुग्ण सांभाळून तिने शिकवावे कधी? मग विद्यार्थिनी पुस्तकात एक वाचते आणि खाटेपाशी दुसरेच पाहते. ज्या परिचारिका हे दोन्ही तीर सांधतात, त्या स्वतःच्या विश्रांतीचा वेळ देऊन सांधतात. अशांना वर्षातून एकदा शाल देऊन भागावयाचे नाही.

गौरव करावयाचाच तर निवडीची रीत आधी बदलावी. अर्जासोबत प्रमाणपत्रांची चळत मागण्याऐवजी, दहा वर्षांपूर्वी तिच्या हाताखाली शिकलेल्या मुली आज कोठे आहेत आणि नव्याने रुजू झालेली सहकारी रात्रपाळीत अडचण आली की कोणाला उठवते, हे निवडसमितीने विचारावे. शिकविण्याचे तास कामाच्या तासांत धरावेत, आणि शिकविणारीला बढती हवी असेल तर खाट सोडून टेबलाकडेच जावे लागू नये. मोशीच्या रुग्णालयाची पदे मंजूर होतील तेव्हा प्रत्येक वॉर्डासाठी शिकविणाऱ्या परिचारिकेचे एक पद त्या यादीत स्वतंत्रपणे लिहिले जावे, आणि ते रिक्त ठेवण्याची मुभा प्रशासनाला असू नये.