गोष्टीत नेमके घडते काय?

गोष्ट म्हणजे घडलेले प्रसंग क्रमाने सांगणे, असे आपले विद्यार्थी नेहमी म्हणतात. हे उत्तर अपुरे आहे. पनवेलहून दिव्याची गाडी सुटली, तळोजे पाचनंद आले, चार माणसे उतरली. यात क्रम आहे, कथानक नाही. त्याच गाडीत शेजाऱ्याने आडनाव विचारताच एकाने खोटे सांगितले आणि दिवा येईपर्यंत ते उघडे पडण्याची धास्ती वाढत गेली, तर एका प्रसंगातून दुसरा निपजू लागतो. ही कारणपरंपरा म्हणजे कथानक.

हे उदाहरण आम्हांस सुचले ते बाबूराव बागूल यांच्यामुळे. त्यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. शीर्षककथेचा निवेदक रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत जातो. खोली शोधताना जात आडवी येते, म्हणून तो ती लपवितो. वरवर पाहता संघर्ष त्याचा आणि सवर्ण समाजाचा. परंतु कथा खरी पेटते ती त्याच्या मनात. भोवतालचे लोक त्याला मान देतात, आणि मिळणारा प्रत्येक मान त्याच्या वाट्याचा नसून त्याने पांघरलेल्या माणसाचा असतो. अपमानापेक्षा हा मानच त्याला अधिक जाळतो.

आता पात्रांविषयी. परीक्षेत ‘धाडसी, प्रामाणिक, कष्टाळू’ असे लिहिले की गुण मिळतात, मिळोत बापडे! तेवढ्याने माणूस उभा राहत नाही. बागूलांनी निवेदकासमोर काशिनाथ उभा केला. जात तीच, नोकरीही रेल्वेचीच. पण हा काही लपवीत नाही, अपमान दिसताच तुटून पडतो. एकाच प्रश्नाला दोघे दोन उत्तरे देतात, म्हणून दोघेही आपल्याला कळतात. जात उघड झाल्यावर निवेदकाला मारहाण होते, तेव्हा सोडवायला काशिनाथच धावतो. हा शेवट योगायोगाचा वाटत नाही, कारण तो त्याच्या स्वभावातूनच आला आहे.

संघर्षासाठी मारामारी हवीच असेही नाही. अंगुलिमालाची कथा आपल्या घराघरांत ठाऊक आहे. शस्त्र घेऊन धावणारा तो, संथ चालणारे तथागत, आणि तरीही न मिटणारे अंतर. वार एकही होत नाही. थांबायचे असते ते अंगुलिमालाला, आणि तेही पायांनी नव्हे.